धावड्याचं टेकाड

प्रियदर्शनीला सोबत घेऊन कुठे निघायचं म्हणजे जाण्यायेण्याला दुप्पट वेळ धरावा लागतो, हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर लगेचच कळून चुकलं. देवदर्शनाला गेलं तर बाई देवाआधी उंबऱ्याचा दगड बघणार. लग्नाला गेलं तर मांडवामागे पडलेली खडी चिवडत बसणार. त्यातून दगडाला थुंकी लावून बघायची तिची सवय अंबडला सासरच्या माणसांना अजून पचलेली नाही. ओला केला की दगडातले दाणे चांगले दिसतात, हे ती समजावून सांगते. पण दाणे दिसोत की न दिसोत, सुनेने चारचौघांत दगड चाटावा हे कुणाला पटणार? भावकीतल्या बायका तिला मागे दगडूबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि तिला ते लागतंही.

नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे तासांवर शिकवते. हे तासिका तत्त्व ज्याने काढलं त्या माणसाला एकदा तरी तिच्या जागी उभं करायला हवं. पावसाळ्यात नेमणूक, उन्हाळा लागला की हातात नारळ, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घेणारेही तेच, ज्यांच्यासोबत तिने वर्षभर चहा प्यायलेला असतो. ते तिला दरवेळी तोंड वर करून विचारतात, ‘मॅडम, आपला विषय कोणता?’ कायम करण्याचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, ‘पीएचडी आणा, मग बघू.’ तिच्यामागून आलेली पोरं कुठल्या कुठे गेली. ही तिथेच, त्याच प्रयोगशाळेत, त्याच कुलपाशी झटापट करत उभी.

नवरा कल्याण जालन्यातच बियाण्याच्या कंपनीत आहे, आणि दोघं तिथेच भाड्याच्या खोलीत राहतात. त्याला हैदराबादच्या ऑफिसात वरची जागा मागेच मिळाली होती. हिचा प्रबंध अर्धवट म्हणून त्याने ती नाकारली. पुन्हा मिळाली, पुन्हा नाकारली. दोन्ही वेळा त्याने घरी येऊन चपला काढता काढता सांगितलं, ‘न्हाई म्हणून टाकलं.’ भांडला नाही, की टोमणा मारला नाही. तो एकदा कडाकडा भांडला असता तर प्रियदर्शनीला बरं वाटलं असतं. यंदा मात्र विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती, प्रबंध टाईप होऊन बायंडिंगला जायचा राहिला होता, आणि पुढच्या आठवड्यात तो विद्यापीठात देऊन आलं की दोघांनी या कटकटीतून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. ती रात्रंदिवस त्या मोकळं होण्यावरच जगत होती.

आता हा प्रबंध कशावर, हे भावकीत कुणाला धड सांगता येत नाही. पण तिने ते फार सोपं करून ठेवलंय. पहिल्या वर्षाच्या वर्गात ती एका मुठीत खडीसाखर आणि दुसऱ्या मुठीत चहाची साखर घेऊन जाते. पाक झटकन थंड झाला की बारीक साखर होते, आणि तोच पाक न हलवता बरेच दिवस ठेवला की मोठाले खडे बांधले जातात. आपल्या पायाखालचा काळा दगडही कधीकाळी असाच रस होता, ती सांगते, शिलारस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख उत्तरेकडे सरकत होता, सरकताना एका धगधगत्या जागेवरून जात होता, आणि पश्चिमेकडून त्याचा एक तुकडा तुटून वेगळा होत होता. त्या ओढाताणीत जमीन ताणली जाऊन तिला भेगा पडल्या, की खालचा शिलारस सरळ वर यायचा आणि लाव्हा होऊन पसरायचा, पातळ आणि बारीक दाण्याचा. जमीन मिटून बसली की तो खालीच कोंडायचा. कोंडलेल्या रसात जड खनिजं आधी गोठून तळाला बसतात, उरलेल्या रसाची जातच बदलते, आणि पांढुरक्या फेल्डस्पारचे स्फटिक वाढत वाढत बोटाएवढे होतात. मग कधीतरी वाट मिळते आणि तो रस त्या स्फटिकांसकट वर येतो. म्हणून दगडातला दाणा बघायचा. त्यावरून त्या काळी जमीन ताणून उघडली होती की मिटलेली होती ते कळतं. पोरं खडीसाखर खातात आणि धडा विसरतात.

तिचं माहेर धावडा, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून. तिथे तिच्या वडिलांच्या, बद्रीनाथांच्या शेतात एक टेकाड आहे. माणसापेक्षा थोडं उंच, अंगावर गवत, माथ्यावर कडुलिंबाचं झाड. लहानपणी ती त्याच्यावरून घसरली, त्याच्यावर बसून बोरं खाल्ली, रुसली की त्याच्यामागे जाऊन बसली. एम.एस्सी.ला असताना एकदा सुट्टीत गेली आणि सहज तिथला दगड फोडला, तर आत बोटाएवढे स्फटिक! भोवतालच्या माळावर सगळा बारीक दाण्याचा दगड, आणि त्याच्यावर हे टेकाड. लाव्ह्याच्या थरांत जो वर तो नवा आणि जो खाली तो जुना, हे तर पहिल्या वर्षातलं पोरगंही सांगेल. म्हणजे मोठ्या स्फटिकांचा हा थर सगळ्यात शेवटचा. म्हणजे इथली जमीन अखेरीला मिटत गेली. पश्चिमेला घाटाकडे जे मानलं जातं त्याच्या उलट. तिचे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठले होते. ‘हे नवीन आहे हो!’ म्हणाले. मग तिने दगडांचे पातळ काप करवले, त्यांचं रासायनिक पृथक्करण करवून घेतलं, नकाशे काढले, आणि अख्खा प्रबंध त्या टेकाडावर नेऊन बसवला.

त्या रविवारी ती धावड्याला गेली ती खरं तर एका फोटोसाठी. वडील वारल्यापासून शेत धाकटा भाऊ सोमेश्वर बघतो. टेकाडापासून हाकेच्या अंतरावर त्याने नवी विहीर खणायला घेतली होती, आणि खोल गेली होती. आता हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, पण जालन्यासारख्या सपाट मुलखात जमिनीचे थर उभे कापलेले बघायचे तर शेतकऱ्याच्या विहिरीशिवाय जागा नाही. तेही विहीर नवी असेल तोवरच. एकदा आतून गोल भिंत बांधून काढली, ज्याला तिकडे कडं बांधणं म्हणतात, की थर झाकले गेले. टेकाडाखालचे थर कापलेले दिसतायत असा एक झकास फोटो प्रबंधात शेवटी टाकावा, म्हणून कल्याणच्या मोटारसायकलवर मागे बसून बाई निघाल्या. कल्याण रस्ताभर शीळ घालत होता. आज त्याला काय झालंय हे तिला कळेना.

विहिरीच्या काठावर यारी उभी होती. यारी म्हणजे डिझेलवर चालणारं उचलायचं यंत्र. पोलादी दोराला लोखंडी टोपलं, त्यातून दगड वर यायचे आणि माणसं वरखाली करायची. मजूर आठवडी बाजाराला गेलेले. यारीवाला भिवा तेवढा होता, आणि त्याने मॅडमना आत सोडायला साफ नकार दिला.

“राग मानू नका, मॅडम. पन पाणी लागल्याबिगर बाईमाणूस आत उतरत न्हाई. खाली पाण्यातल्या साती आसरा असत्यात.”

“आसरा बायकाच ना, भिवाभाऊ? मंग मला काय करतील त्या?”

“बायकाच, म्हनून तर! त्यातून ज्यांच्या मांडीवर लेकरू न्हाई त्यांना तर बिलकुल न्हाई.”

भिवाच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलून गेल्यावर त्यानेच जीभ चावली. पण प्रियदर्शनीने मान खाली घातली, कल्याण उगाच यारीचं चाक न्याहाळू लागला, आणि तिची आई द्वारकाबाई पुढे झाली.

“भिव्या, तोंड आवर. माझी लेक हाय ती. तुला आसरांचं भ्याव हाय ना? त्यांचं मी बघते.”

म्हातारीने घरून खण-नारळ आणला, काठावर बसून विहिरीची ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, पाण्यातल्या त्या सात बायांची नावं घेऊन माफी मागितली. आणि लेकीला म्हणाली, “चप्पल काढ. अनवाणी जा अन् जल्दी वर ये.” प्रियदर्शनीने चप्पल काढली, फोन कल्याणकडे दिला. “आधी बघून घेते. मंग टोपलं वर पाठवते, त्यात फोन ठेवा,” म्हणाली, हातोडी घेऊन टोपल्यात बसली, आणि यारी घरघरायला लागली.

उतरताना तिला नेहमी होतो तसा आनंद झाला. काळी माती गेली, मुरूम गेला. मग काळा दगड आला, त्याच्या पोटात पांढऱ्या गारांनी भरलेली छिद्रं. दाणा बारीक. त्याखाली लाल गेरूचा पट्टा, हातभर जाड. हा पट्टा दिसला की तिला भरून येतं. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती धरली, आणि मग खूप काळाने वरून दुसरा लाव्हा आला नि ती माती भाजून निघाली, असा तो पट्टा. विहिरी खणणाऱ्यांना मात्र तो डोळ्यासमोर नको असतो, कारण ओला झाला की तो ढासळतो. गेरू मागे पडला आणि टोपलं तळाला टेकलं. तिने खाली पाय ठेवला, टोपलं वर न्यायला हाक दिली, आणि समोरच्या कातळाला बोटाने थुंकी लावली.

कातळात बोटाएवढे पांढुरके स्फटिक होते.

तिने दुसरीकडे थुंकी लावली. मग गुडघ्यावर बसून तळाचा दगड ओढणीने पुसला. सगळीकडे तेच, आडवेतिडवे, वाटेल तसे पडलेले, काही तर तिच्या अंगठ्यापेक्षा मोठे. टेकाडावरचाच दगड, त्यात शंकाच नव्हती. या दगडासोबत तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती, तिने त्याला अंधारातही ओळखलं असतं. पण हा इथे कसा? हा तर वर असायला हवा होता. सगळ्यात वर, सगळ्यात शेवटचा. आणि हा तर गेरूच्याही खाली, विहिरीच्या बुडाशी बसलेला.

तेवढ्यात वर काहीतरी खाडकन वाजलं. यारीचा पोलादी दोर कप्पीवरून उडाला आणि बाजूच्या सांदीत अडकला. त्याचे काही पेड तुटून पिंजारले. टोपलं तिच्या डोक्यावर, विहिरीच्या निम्म्या उंचीवर, हेलकावे खात राहिलं.

“कडंला सरक! कडंला!” कल्याण ओरडला. ती भिंतीला चिकटली.

वर धावपळ झाली, ती तिला नुसती ऐकू आली. दोर जोडायला क्लॅम्प लागणार होते. ते भोकरदनलाच मिळणार, म्हणून सोमेश्वर कल्याणची मोटारसायकल घेऊन सुटला. दोरखंड सोडून हिला वर ओढू, असं कल्याण म्हणत होता आणि भिवा ऐकत नव्हता. “दाजी, त्यो गेरू बघा. दोर घासला तर दरड मॅडमच्या डोस्क्यात. बसू द्या त्यांना गुमान.” शिडी कुणाकडे एवढी लांब नव्हती. तेव्हा बसणं आलं. प्रियदर्शनी भिंतीला पाठ लावून बसली. वर पाहिलं तर आभाळाचा थाळीएवढा तुकडा, त्याच्या मधोमध ते टोपलं, आणि काठावर तीन डोकी.

“माय,” तिने हाक मारली. “आपल्या टेकाडाचे दगड कुठून आलेत?”

“कोन्चं टेकाड?”

“आपलं! लिंबाखालचं!”

“ते व्हय!” द्वारकाबाईला हा प्रश्न अशा वेळी का, ते कळलं नसावं, पण लेकीचं मन गुंतवायला म्हणून ती काठाला बसून सविस्तर सांगू लागली. “ते टेकाड न्हाई काय. जुन्या विहिरीचा मलमा हाय त्यो. तुझ्या बापानं अन् चुलत्यानं विहीर खणली, अन् दगडधोंडे तिथं टाकले. तवा तू माझ्या पोटात व्हतीस. मंग वरून माती वाहून आली, लिंब उगवला. जुनी विहीर तर आता बुजलीबी.”

“मला कधी सांगितलं न्हाई तू.”

“तू कधी इचारलंस, बाई? मला काय ठावं तुला त्याचं काय पडलंय ते. मला वाटायचं, लेकीला घरच्या जागेची माया हाय, म्हनून तिथले दगड नेती.”

प्रियदर्शनीला हसू आलं आणि त्याचं लगेच रडू झालं. परक्या शेतात ती असती तर तिने दहा जणांना विचारलं असतं. हा दगड इथलाच का, कुणी आणून टाकला का, बांध कुणी घातला, विहीर कधीची. विद्यार्थ्यांनाही ती हेच शिकवते की सुटा दगड हातात आला तर आधी त्याचं घर शोधा. मराठवाड्यात विहिरीगणिक मलम्याचा ढीग असतो, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण या ढिगावर तिचं लहानपण गेलं होतं. तो तिच्यासाठी डोंगरच होता, जन्माआधीपासूनचा. काळा दगड ऊनपावसाने गोल होऊन मातीत सुटा पडतो, तेव्हा सुटे धोंडे बघूनही तिला कधी शंका आली नाही. स्वतःच्या घराचा पुरावा कोण मागतो? तिने मागितला नव्हता.

आणि आता सगळं उलटं झालं होतं. जुन्या विहिरीच्या तळाचा दगड उचलून माथ्यावर ठेवला गेला, आणि तिने त्या क्रमाने पृथ्वीचा इतिहास लिहून काढला. खरं असं होतं की इथे जमीन आधी मिटलेली होती. रस कोंडला, स्फटिक वाढले, मग वर आला. मग मोठी शांतता, तो गेरू. आणि मग जमीन ताणून उघडली आणि ताजा लाव्हा वर आला, इतर सगळीकडे आला तसाच. प्रबंधात यातलं काहीच नव्हतं. प्रबंधात नेमकं याच्या उलट छापून तयार होतं.

“ऐकतीस का गं?” वरून कल्याणचा आवाज आला. तिचं मन रमवायची आता त्याची पाळी होती. “तुला संध्याकाळी सांगणार व्हतो. आता तू कुठं पळून जाऊ न्हाई शकत, म्हनून आत्ताच सांगतो. हैदराबादला हो म्हणून टाकलं मी! शुक्रवारीच! पुढल्या महिन्यात हजर व्हायचं!”

विहिरीत आवाज घुमतो. ‘शुक्रवारीच, शुक्रवारीच’ असं तिच्या भोवती फिरत राहिलं. वर भिवा त्याचं अभिनंदन करत होता. द्वारकाबाई म्हणत होती, “सुटली गं बाई माझी लेक एकदाची!”

“काय म्हणतीस?” कल्याणने विचारलं.

“ऐकलं,” ती म्हणाली.

मग सोमेश्वरची वाट बघण्याच्या वेळात तिने जे जे मनात आणलं ते तिने पुढे कुणाला सांगितलेलं नाही. तिला वाटलं, कुणाला कळणार आहे? सर निवृत्त झालेले, परीक्षक बाहेरगावचे. ते काही धावड्याला येऊन म्हातारीला विचारणार नाहीत. पाणी लागलं की हा तळ बुडेल, कडं बांधलं की थर झाकले जातील, आणि मग टेकाड पुन्हा टेकाड होईल. फोनही वर राहिलाय, म्हणजे फोटोसुद्धा नाही. आपण फक्त गप्प बसायचं. पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचा, हैदराबादला जायचं, तिथे एखाद्या कॉलेजात डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं. आणि तिथल्या पोरांना सांगायचं की सुट्या दगडाचं घर शोधा. इथपर्यंत आली की ती अडायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा तिथेच अडायची. तिला स्वतःचा राग आला, वडिलांचा आला, त्या विहिरीचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो कल्याणने दोनदा न भांडता नकार कळवल्याचा. तो वाईट असता तर त्याला फसवणं किती सोपं झालं असतं.

पायाला गार लागलं. तिने खाली पाहिलं तर तळाच्या एका फटीतून पाणी येत होतं. आदल्या दिवशीच्या सुरुंगाने फट मोकळी झाली असावी. बघता बघता तळवे बुडाले.

“पाणी!” ती ओरडली. “पाणी यायला लागलं!”

वर एकदम कल्लोळ झाला. भिवाने शिट्टी मारली, द्वारकाबाईने दोन्ही हात जोडून आभाळाकडे केले. खाली एक बाई अडकली आहे आणि पाणी तिच्या पायाशी चढतंय, याचं भान त्या आनंदात क्षणभर कुणालाच राहिलं नाही. “लई हाय का? गोडं हाय का, चाखून बघ!” आईने विचारलं. प्रियदर्शनीने खरोखर ओंजळीने चाखलं. “गोडं हाय,” ती म्हणाली आणि रडायला लागली. पाणी घोट्यावर आलं, तिथे रेंगाळलं, मग पिंढरीकडे निघालं. गेरूचं एक ढेकूळ सुटून तिच्या शेजारी धप्पकन पाण्यात पडलं. वर टोपलं लटकलेलं, बाजूला ढासळणारी भिंत, खालून पाणी; हलायला जागा नाही. वर्षानुवर्षं मनात जी घुसमट होती तिचाच हा उघडावाघडा प्रकार होता, आणि ती मोठ्याने म्हणाली, “मला बाहेर काढा, मला बाहेर काढा कुणीतरी.”

मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याखाली होतं. सोमेश्वर आणि भिवाने क्लॅम्प आवळले, दोर कप्पीवर चढवला, टोपलं रखडत रखडत खाली आलं. “बस जल्दी!” कल्याण ओरडला. तिने टोपल्याची कडी धरली. मग थांबली, पाण्यात हात घालून हातोडीने तळाचा कंगोरा फोडला. एकदा, दोनदा. वरून सगळे ओरडत होते. तिसऱ्या घावाला मुठीएवढा तुकडा निघाला. तो तिने ओल्या ओढणीत गुंडाळला आणि टोपल्यात बसली.

वर आल्यावर तिला कुणी जवळही घेईना, इतकी धांदल. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे, गूळ. सोमेश्वरने तिच्या चिखलाच्या पायांना हात लावला. “अक्का, तुझ्या पायगुणानं पाणी लागलं बघ! उद्याच्याला कडं बांधायला गवंडी बोलावतो, गेरू ढासळायच्या आत.” आणि भिवाने कान पकडले. “मॅडम, चुकलं माझं. आसरा तुमच्यावर खूष हायेत.” आई तिच्या तोंडात गूळ भरवत होती. सगळ्यांचं भलं झालं होतं आणि त्याचं श्रेय तिला मिळत होतं. तिने गूळ खाल्ला.

कल्याण मोटारसायकलजवळ उभा होता. ती तिकडे गेली. त्याने तिच्या खांद्यावर स्वतःचा रुमाल टाकला आणि ओढणीच्या गाठीकडे बघून हसला. “तिथंबी दगड? काय आणलंस?”

तिने गाठ सोडून दाखवलं. त्याने तो तुकडा हातात घेतला. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला तेवढं कळत होतं.

“टेकाडाचाच हाय की हा.”

“खालचा हाय. तळाचा. टेकाड म्हणजे जुन्या विहिरीचा मलमा हाय. माय सांगत होती ते ऐकलं ना तुम्ही?”

“ऐकलं.” त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. “म्हणजे उलटं.”

“उलटं.”

“कुणाला कळंल का?”

“कुणालाच न्हाई.”

“मंग?”

“मी देणार न्हाई तो प्रबंध,” ती म्हणाली. “पुन्हा नाव नोंदवावं लागंल. आसपासच्या नव्या विहिरी बघाव्या लागतील, बांधायच्या आधी. मोसमामोसमात मिळतील तशा.”

“किती दिवस?”

“ठाऊक न्हाई.”

कल्याणने दगड तिच्या हातात परत दिला. टाकीवरची धूळ तळव्याने पुसली, पुन्हा पुसली. मागे सोमेश्वर कुणाला तरी फोनवर ओरडून पाणी लागल्याचं सांगत होता.

“कंपनीला न्हाई म्हणून कळवू का?” त्याने विचारलं. आवाज अगदी तसाच होता, चपला काढता काढता बोलायचा तसा. तिला तो सहन झाला नाही.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही जा.”

आणि ती थांबली. ‘असं कसं, तुला इथं टाकून?’ एवढं तो म्हणेल, याची तिला खात्री होती. तो नेहमीच थांबला होता. तो तसं म्हणाला की आपण ‘न्हाई, जाच’ म्हणायचं, मग तो पुन्हा नको म्हणेल, हेही तिने मनाशी धरलं होतं. तिने ओल्या ओढणीचा पिळा हातात घट्ट धरला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

कल्याण विहिरीकडे बघत होता. मग त्याने सोमेश्वरकडून परत घेतलेली मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली.

“मंग घरमालकाला सांगून ठेवतो,” तो म्हणाला, “की खोली सोडायची न्हाई, तू ऱ्हाणार हायेस म्हणून.”